सहदेव पायलटचं बिनइंजिनाचं जेट

धाडच्या बाजारात कुणालाही विचारा, सहदेव हिवाळे कुठं राहतात? तो आधी डोकं खाजवील, मग म्हणेल, "पायलट का? मंग तसं सांगा ना." आणि तुम्हाला जीपमध्ये कोंबून देईल. जीपवाला थेट दारात आणून सोडेल आणि वर ऐकवेल की हा माणूस हवाई दलात जेट उडवायचा. ऐकून घ्या आणि गप्प बसा. कारण हे वाक्य कानावर पडलं की त्या घरात बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि ही सगळी गोष्ट त्या गोळ्याचीच आहे.

सहदेव हवाई दलात होता, हे सोळा आणे खरं. चांगली वीस वर्षं होता. पण तिथं तो फिटर होता. किरण नावाचं एक जेट असतं, शिकणारा आणि शिकवणारा शेजारीशेजारी बसतात, तसलं. नवी पोरं त्यावर हात बसवतात. त्या विमानाचा पत्रा, रिबिटा, पंखांचे सांधे हे सहदेवचं खातं. याने पंखावर थाप मारून 'ओके' म्हटल्याशिवाय विमान जागचं हलायचं नाही. पण स्वतः तो एकदाही वर गेला नाही. विमान गेलं की हा खाली उभा, आणि विमान आलं की पुन्हा हाच खाली उभा.

पेन्शन घेऊन गावी आला तेव्हा त्याने सांगितलं की मी फिटर होतो. लोकांनी माना हलवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला पायलट म्हणायला लागले. दोनचारदा त्याने टोकलं. मग एका लग्नपत्रिकेवर 'माजी पायलट' छापून आलं. मग झेंडावंदनाच्या माइकवरून तेच. माणूस किती वेळा टोकणार? शेवटी टोकणं बंद झालं आणि गोळा सुरू झाला. त्याला पक्कं वाटायचं, एक दिवस कुणीतरी म्हणणार, बरं पायलट, आता उडवून दाखव. त्या दिवशी आपण गावात तोंड दाखवायच्या लायकीचे उरणार नाही. हे त्याच्या बायकोला, चांगुणाला, माहीत होतं. ती म्हणायची, "सांगून मोकळे व्हा ना." तो म्हणायचा, "आता उशीर झाला." असा उशीर दरवर्षी वाढत गेला.

आता असल्या माणसाने विमानाच्या वाटेला जाऊ नये, एवढी साधी अक्कल कुणालाही असेल. सहदेवला नव्हती. मोबाइलवर त्याने कुठल्याशा परमुलखातली माणसं पाहिली. हिरव्या टेकडीवर उभी राहून ती हातभर-दोनहात लांबीची जेटं हवेत फेकत होती, आणि त्या जेटांना इंजिनच नव्हतं. महिनाभर हा तेच पाहत बसला. पोरगी समता नाशिकला बँकेत आहे. तिने बापाचा साठावा वाढदिवस म्हणून रिमोट आणि पंख हलवायच्या चिमुकल्या मोटरी पार्सलने पाठवून दिल्या. झालं. माकडाच्या हातात नाही, फिटरच्या हातात कोलीत आलं.

शेजारचा शेषराव पहिल्याच दिवशी चौकशीला आला. याचं वावर गवळ्याच्या टेकडीच्या पायथ्याशी, आणि बसण्याची जागा सहदेवच्या ओसरीत.

"इंजिन कुठं हाये बे?"

"नाही."

"मंग जेट कसं?"

"दिसायले जेट."

"आन् उडते कायच्यानं?"

"वाऱ्यानं."

शेषरावने थोडा विचार केला. "वाऱ्यानं तं मागच्या साली माह्या गोठ्याचे पत्रेही उडाले. त्याले कोणी जेट नाही म्हटलं."

सहदेवने न चिडता समजावलं. गवळ्याच्या टेकडीची पश्चिमेची बाजू तासून काढल्यासारखी उभी आहे. आषाढातला वारा तिकडूनच येतो, उताराला धडकतो, आणि पुढं वाट नाही म्हणून वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यात हलकं विमान सोडलं तर ते स्वतः खाली घसरत असतं, पण वारा त्याला त्याहून जास्त वर उचलतो. टेकडीवर घारी तासन् तास पंख न हलवता फिरतात त्या अशाच. "घारीले कुठं इंजिन असते?" सहदेवने विचारलं.

"घारीले अक्कल असते," शेषराव म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला.

सहदेवने बनवायला घेतलं ते अर्थातच किरण. मेडिकलवाल्याकडून औषधांचे थर्माकोलचे खोके आणले, हिटरची तार तापवून ते कापले. मधला कणा पांगाऱ्याच्या लाकडाचा, कारण तेवढं हलकं लाकूड दुसरं नाही. वरून खाकी कागद, फेविकॉलच्या पाण्यात भिजवून एकावर एक. कोल्ड्रिंकच्या बाटलीला आच देऊन कॉकपिटची काच झाली. दोन पंख वाळायला दिवाणावर आडवे पडले ते तिथंच राहिले, आणि आलेले पाहुणे खाली सतरंजीवर बसले. चांगुणाने हे सगळं सोसलं. वरणात थर्माकोलचा मणी निघाला त्या दिवशी मात्र तिने ताट सरकवलं आणि म्हणाली, "आता येक तं हे जेट घरात राहीन, नाही तं मी."

"आठ दिवस दे," सहदेव म्हणाला. त्यातले चार त्याने पंखांवर बॉलपेनने रिबिटांचे ठिपके काढण्यात घालवले. खऱ्या विमानावर जिथं जिथं रिबीट, तिथं तिथं ठिपका. कोण मोजणार होतं? कुणीच नाही. पण चुकून एक ठिपका रेघेबाहेर गेला तर हा गडी अख्खी ओळ खोडून पुन्हा काढायचा. त्या चार दिवसांत तो जितका खूश होता तितका त्याला चांगुणानेही कधी पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच ती घर सोडून गेली नाही.

सगळ्यात नाजूक काम तोलाचं. पंखाखाली दोन बोटं ठरल्या जागी धरली की विमान सरळ राहिलं पाहिजे, नाक किंचित खाली. शेपूट जड झाली तर विमान नाक वर करतं, हवेतच अडतं आणि दगडासारखं खाली येतं. म्हणून त्याने नाकात मासे धरायच्या जाळ्याचं शिसं भरलं, तोल बरोबर जमला, आणि मग शेषरावला बजावलं, "आता शेपटीवर माशीही बसू द्यायची नाही."

बनवणं जमलं. उडवणं? तिथं बोंब होती. रोज पहाटे गायरानात, कुणी परसाकडे यायच्या आधी, तो आणि चांगुणा थर्माकोलचा एक साधा पंख घेऊन जायचे. रिमोटची गंमत अशी आहे की विमान आपल्यापासून दूर जात असलं तर उजवं ते उजवंच. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की उजव्याचं डावं होतं. सहदेव हिशेब करायचा, आणि हिशेब होईस्तोवर पंख बाभळीत. असं रोज. काटे काढून काढून चांगुणाची बोटं सोलली. एका पहाटे ती वैतागून म्हणाली, "उजवं-डावं सोडा हो. गोठ्याचा कूड कलला तं आपुन काय करतो? ज्या बाजूले कलला त्या बाजूनं टेकू देतो. तसं करा. जो पंख खाली पडला, दांडी तिकडंच लोटा."

सहदेवने तसं केलं आणि पंख बाभळीला वळसा घालून परत आला. मग चांगुणानेही रिमोट हातात घेतला. पंधरा दिवसांत ती त्याच्याइतकी, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा बरी उडवायला लागली. त्याचा हात थरथरायचा. रिकाम्या गायरानात थरथरायचा, मग गावासमोर काय झालं असतं? म्हणून ठरलं की किरण उडवायचं ते गुपचूप, तिघांनीच. शेषराव फेकेल, ही दोघं उडवतील.

गुपचूप. आपल्या गावात. शेषरावच्या पोटात काय राहतं?

तीन दिवसांत बातमी कडूबापर्यंत गेली. कडूबा म्हणजे ग्रामपंचायतीचा मेंबर, आणि धाडच्या स्टँडवर त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान. वाढदिवस असो की दशक्रिया, कडूबाचा फ्लेक्स लागल्याशिवाय आपल्याकडे काही घडत नाही. तो धावत आला. "काका, गावचे पायलट आन् गावचं जेट. याचं उद्घाटन झालं पाह्यजे." सहदेवने नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर मांडववाल्याला फोन लागला होता. जो दिवस वीस वर्षं टाळला, तो तारखेसकट ठरला होता.

रविवारी दुपारी गवळ्याच्या टेकडीवर अर्धं गाव चढलं. सतरंजी, माइक, बॅटरीवरचा कर्णा. शेषरावला नारळ फोडायचा होता. सहदेवच्या घरात विहाराची रीत, नारळ-लिंबू चालत नाही. मग तोडगा निघाला की नारळ विमानाचा नाही, टेकडीचा, आणि तो लांब दगडावर फुटला. इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग सहदेवने विमानावरची चादर काढली.

शेपटीवर फोटो होते. कडूबाने सकाळी विमान वर न्यायच्या निमित्ताने ताब्यात घेतलं होतं, तेव्हाच काम उरकलं होतं. उभ्या शेपटीच्या दोन्ही बाजूंना आणि आडव्या शेपटीवरही चकचकीत जाड स्टिकर: 'शुभेच्छुक', आणि खाली गोल गोल चेहरे. थर्माकोल देणारा मेडिकलवाला, मांडववाला, पाच मेंबर, आणि सगळ्यांत मोठा कडूबा, गॉगल घालून. सहदेवने मुकाट्याने पंखाखाली दोन बोटं धरली. शेपूट धपकन खाली गेली.

"काढ हे," तो म्हणाला.

"काका, मेंबर लोकांचे फोटो फाडता?" कडूबाचा चेहरा उतरला. मागे पाचही मेंबर उभे होते. आणि फाडायचं म्हटलं तरी स्टिकरबरोबर खाकी कागद, ठिपक्यांसकट, सोलून आला असता.

शिसं घरी राहिलं होतं. मग शेषरावच्या ट्रॅक्टरच्या पेटीतून नट-बोल्ट आले आणि ते कॉकपिटच्या पुढं खुपसून सहदेवने कसाबसा तोल जमवला. पण आता विमान जड झालं. हलक्या विमानाला पुरला असता तो वारा आता पुरेना. गवत नुसतं हलत होतं, ते आडवं पडायला हवं होतं. सहदेव म्हणाला, "वारा वाढेस्तोवर थांबा लागंल."

थांबायचं म्हणजे भाषणं. माइक रिकामा राहिला तर आपल्या माणसांना घाम फुटतो. कडूबाने सुरुवात केली की आपले पायलटकाका वीस वर्षं आभाळात होते. त्यानंतरचे मेंबर म्हणाले की काकांनी सीमेवर जेट नेलं होतं. तिसऱ्याने ते सीमेपलीकडे नेलं. वारा काही वाढेना, आणि काकांचा पराक्रम थांबेना. चौथ्याने तर बॉम्ब टाकायला सुरुवात केली. सहदेव खुर्चीवर रिमोट मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याला वाटत होतं, आता या वयात आपल्याला युद्धही जिंकावं लागणार. त्याने चांगुणाकडे पाहिलं. ती नुसती पाहत राहिली, आणि त्याला ते चार भाषणांपेक्षा जड गेलं.

तो उठला आणि चौथ्याच्या हातातून माइक काढून घेतला.

"मी पायलट नाही," तो म्हणाला. कर्णा शिटी मारून गप्प झाला. "मी फिटर होतो. पत्रा ठोकत होतो, रिबिटा मारत होतो. येकदाही वरतं गेलो नाही. तुम्ही पायलट म्हणत गेले आन् मी आयकून घेत गेलो. हे मले आवरायले पाह्यजे होतं, आवरलं नाही. माफी करा."

पुढच्या रांगेत गावातले सगळ्यांत म्हातारे उकंडराव काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी हनुवटी उचलली.

"बस? येवढंच?"

"हाव, बाबा."

"आम्हाले वाटलं, इमान उडत नाही म्हणून सांगून राह्यला." उकंडराव आजूबाजूला पाहत म्हणाले. "तू फिटर हायेस हे तूच सांगतलं होतं ना बे, आला तवा. साऱ्याइले ठाऊक हाये."

"मंग पायलट काऊन म्हणत होते?"

"आता काय म्हणाव मंग? गावात किसन फिटर होता ना, मोटरपंपाचा. फिटरले बलाव म्हटलं का पोट्टे तुह्या घरी येत, तुही बायको चहा ठेवे, आन् तिकडं पंप बंद. दोन फिटर कसे चालतीन? म्हणून तुले पायलट केलं. पंपवाल्याले पायलट म्हणणं बराबर दिसलं नसतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या कलेक्टरनं तरी कुठं कलेक्टर हापीस पाह्यलं?" कलेक्टर म्हणजे दहावीला तीनदा बसलेला मांडववाला. तोही हसला. माणसं हसायला लागली. बॉम्ब टाकणारा मेंबर तेवढा कासावीस झाला, कारण सीमेपलीकडचं त्याला खरंच वाटलं होतं.

सहदेवला आधी रागच आला. वीस वर्षं! वीस वर्षं हा गोळा पोटात घेऊन हिंडलो, झोपेतून दचकून उठलो, आणि इथं कुणाच्या गावीही नाही? मग त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की खुर्ची धरून उभं राहावं लागलं. त्याने रिमोट चांगुणापुढं धरला.

"घे. तुहा हात स्थिर हाये."

"मी नाही," चांगुणा म्हणाली. "तुम्ही बनवलं, तुम्हीच उडवा. पडलं तं पडलं. फिटर घरातच हाये."

गवत आडवं पडायला लागलं होतं. बोलण्याच्या नादात कुणाचं लक्षच नव्हतं. शेषरावने विमान डोक्यावर धरलं, कड्याच्या टोकाशी गेला, सहदेवकडे वळून पाहिलं आणि ढेकूळ फेकावं तसं सरळ वाऱ्यात लोटून दिलं.

किरण खाली गेलं. काठाखाली दिसेनासं झालं. मग काठाच्या पलीकडून खाकी नाक हळूच वर आलं, मग काच, मग पंख, आणि अख्खं जेट सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून वर चढत गेलं. वाऱ्याचा नुसता सू असा आवाज, बाकी काही नाही. ते उतारावरून दक्षिणेला लांब गेलं. तिथून वळवायला लागणार होतं, आणि वळलं की तोंड आपल्याकडे. ते वळलं. डावा पंख झुकला. सहदेवने हिशेब केला नाही, झुकलेल्या बाजूला टेकू दिला. विमान सरळ झालं आणि डोक्यावरून निघून गेलं. खाली सतरंजीवरची एक म्हातारी डोक्यावरचा पदर धरून वर पाहत राहिली.

पाय त्याचे चपलांमध्ये, चपला मुरमावर, पण विमान कललं की त्याचंही अंग कलत होतं, ते वर गेलं की छाती वर जात होती. इतकी वर्षं ज्या पोरांना काच बंद करून वर पाठवलं, त्यांना वर काय वाटत असेल हे त्याला आज कळत होतं. हात थरथरत नव्हता. तो चांगुणाला म्हणाला, "पाह्य, पाह्य," आणि पुढं त्याला काही सुचेना, म्हणून पुन्हा "पाह्य" म्हणाला. त्याचे डोळे भरून आले तशी चांगुणाने पदराने पुसले, कारण त्याचे दोन्ही हात अडकलेले होते.

मग वारा पडला. जड विमानाला टेकडीच्या माथ्यावर परत यायला उंची राहिली नाही. सहदेवने ओळखलं आणि उगाच ओढाताण केली नाही, नाक खाली करून ते सावकाश पायथ्याच्या वावरात नेलं. ते बोटभर सोयाबीनवर घसरलं आणि शेपूट कडकन मोडली.

गाव पळत सुटलं, आणि सगळ्यांच्या पुढं शेषराव, दोन्ही हात पसरून. "धुऱ्यावर उभं राहा. येकानं सोयाबीनमधी पाय टाकला तं तंगडी तोडीन." आत गेला तो एकटा सहदेव, दोन ओळींमधून, पाऊल जपून. पंख शाबूत होते. शेपूट बरोबर फोटोंच्या खालून तुटली होती.

कडूबा बांधावरून रडवेल्या आवाजात म्हणाला, "काका, होईन का हो दुरुस्त?"

सहदेवने तुटलेली कड अंगठ्याने चाचपली. "दोन दिवस. पण फोटो लावायचे नाही."

"नाही लावत."

सहदेव विमान खांद्यावर आणि शेपूट काखेत घेऊन चढायला लागला, मागून चांगुणा. कडूबा धापा टाकत पुढं पळाला आणि माइकवर गेला. कर्णा खरखरला. "वाट द्या, वाट द्या. आपल्या गावचे…" तो अडखळला. वर उकंडराव त्याला काहीतरी सांगत होते. "आपल्या गावचे फिटर, सहदेवराव हिवाळे, इमान घेऊन वरतं येऊन राह्यले."

सहदेव चढावर मध्येच उभा राहिला.

"काय झालं? दम लागला का?" चांगुणाने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "आयकून राह्यलो."